गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम केव्हा आणि कोणत्या क्रमाने सुरू करावा?

प्रश्न : अबोली

नमस्कार. माझे वय ४६ आहे. फायब्रॉइडच्या गाठींमुळे पाळीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होत असे आणि औषधांनी तो आटोक्यात येईना, म्हणून अखेर गर्भाशय काढावे लागले. शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. गर्भाशयाबरोबर गर्भाशयमुखही काढले आहे, बीजांडकोश मात्र ठेवले आहेत. आता पाच आठवडे होत आले. पोटावरचे बारीक छेद कोरडे झाले आहेत, ताप नाही, वेदनाशामक गोळ्या केव्हाच बंद झाल्या. अधूनमधून किंचित तपकिरी स्राव अंगावरून जातो, पण तो अपेक्षित असल्याचे रुग्णालयात सांगितले होते.

शस्त्रक्रियेपूर्वी मी नियमित व्यायाम करत असे. त्यात वजने उचलणे, थोडे धावणे आणि योगासने असत. डिस्चार्ज कार्डावर 'सहा आठवडे जड वजन उचलू नये' एवढे एकच वाक्य आहे. जड म्हणजे नेमके किती आणि सहा आठवडे भरले की दुसऱ्याच दिवशी सगळे पूर्ववत सुरू करायचे का, याचा त्यातून उलगडा होत नाही. घरातील वडीलधारी मंडळी वर्षभर भरलेल्या बादलीला हात लावू नकोस म्हणतात, तर माझ्याच वयाची एक सहकारी तिसऱ्या आठवड्यात जिमला गेल्याचे सांगते. यांतले कोणाचे ऐकावे? शिवाय दिसायला सगळे ठीक असूनही दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते, हे कितपत स्वाभाविक आहे? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तेव्हा डॉक्टरांना काय विचारावे हेही कोणी सुचवले तर बरे होईल.

प्रतिसाद : रेवती

अबोली, माझी शस्त्रक्रिया ओटीपोटावर आडवा छेद घेऊन झाली होती, त्यामुळे माझे वेळापत्रक तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाही. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सावरायला साधारण ६ ते ८ आठवडे धरतात, तर दुर्बिणीने किंवा योनिमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जणी त्याहून लवकर हिंडूफिरू लागतात. तुम्हाला मिळणाऱ्या सल्ल्यांत एवढी तफावत का, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. सल्ला देणाऱ्यांच्या मनातली शस्त्रक्रिया एकच नसते.

व्यायामाविषयी जाणकार लिहितीलच. मी रोजच्या हालचालींविषयी लिहिते, कारण त्या कोणी हिशेबातच धरत नाही. अंथरुणातून उठणे हीच पहिली कसरत असते. उताण्या स्थितीत मान उचलून थेट उठू गेले, तर सगळा ताण पोटाच्या मधल्या स्नायूंवर येतो. त्याऐवजी आधी गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच वेळी खालचे कोपर व वरचा तळहात गादीवर रोवून अंग वर ढकलावे. ही सवय पुढेही मोडू नये असे माझे मत आहे. खोकला किंवा शिंक येईलसे वाटले की उशी पोटाशी घट्ट धरावी. शौचाच्या वेळी कुंथणे हे वजन उचलण्याइतकेच टाळायला हवे, पण त्याविषयी संकोचापोटी कोणी बोलत नाही. पाणी भरपूर प्यावे, कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घ्यावे आणि तरीही त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक मागून घ्यावे.

घरकामात उभ्याने करायची कामे आधी सुरू करावीत. ओढण्या-ढकलण्याची आणि वाकून पिळा बसणारी कामे मागाहून. फरशी पुसणे, गादी उलटणे, ओल्या कपड्यांची बादली उचलून बाजूला ठेवणे यांत नुसते वजन नसते, वजनाबरोबर वळणेही असते आणि ओढ नेमकी तिथेच बसते. गाडी चालवण्याविषयी मला दिलेला निकष सोपा होता. गुंगी आणणारी औषधे बंद झालेली असावीत, पट्टा पोटावर टोचू नये आणि बंद गाडीत बसून ब्रेक एकदम जोराने दाबून पाहिला असता कळ येऊ नये.

प्रतिसाद : साधना, फिजिओथेरपिस्ट

रेवती यांनी लिहिलेल्या उठण्याच्या पद्धतीला माझे पूर्ण अनुमोदन. अबोली, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत फसगत होते ती पोटावरच्या छेदांमुळे. ते जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचे असतात आणि दोन-तीन आठवड्यांत बुजतात, त्यामुळे आपण बऱ्या झालो असे वाटू लागते. प्रत्यक्षात तुमची मुख्य जखम आत आहे. गर्भाशयमुख काढल्यानंतर योनीचे वरचे टोक टाके घालून बंद केलेले असते आणि ती शिवण भरून यायला बाहेरच्या छेदांपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागतो. सहा आठवड्यांची मर्यादा मुख्यतः तिच्यासाठी आहे. तोवर साधारण ४ ते ५ किलोच्या वरचे काही उचलू नये असे बहुतेक ठिकाणी सांगतात. सहा आठवडे संपले म्हणजे सुरुवात करण्याची मुभा मिळाली, असा त्याचा अर्थ घ्यावा. शरीरातल्या कोणत्याही जखमेला त्या दिवशी मूळची ताकद आलेली नसते. त्वचेचेच पाहायचे, तर व्रणाला मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत ताकद येते आणि तीही यायला सुमारे तीन महिने लागतात.

चालणे तुम्ही करतच असाल. पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालण्याचा आग्रह धरतात तो पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, शिवाय त्याने आतड्यांची हालचालही सुधारते. आता सलग अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी काही त्रास होत नसेल, तर पुढच्या पायरीचा विचार करता येईल.

ती पायरी म्हणजे पेल्विक फ्लोअरचे, अर्थात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. मूत्राशय, योनी आणि गुदाशय यांना खालून आधार देणारे हे स्नायू आहेत. वात सरू नये म्हणून आपण जसे आवळतो तसे मागून पुढे आवळत आणि आत वर ओढत न्यावे, काही सेकंद धरावे आणि मग पूर्णपणे सैल सोडावे. धरण्याचा काळ हळूहळू १० सेकंदांपर्यंत वाढवावा, मग तेच थोड्या झटपट आकुंचनांनीही करावे. दिवसातून तीनदा पुरेसे आहे. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत, आणि लघवी करताना धार थांबवून हा व्यायाम करायचा नाही. सैल सोडण्याकडे अनेकींचे दुर्लक्ष होते, पण सतत आखडलेला स्नायूही दुबळाच असतो.

तपासणीत शिवण भरल्याचे डॉक्टरांनी सांगितले की क्रम असा ठेवावा. प्रथम उताणे झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना खालचे पोट हलकेच आत घेणे, कंबर उचलणे आणि खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठणे-बसणे. हे सहज जमू लागले की वजने, पण पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. उचलताना श्वास सोडायचा. दम कोंडून उचलणे हा भारोत्तोलन करणाऱ्यांचा जुना परिपाठ आहे आणि तुमच्यासारख्या सरावाच्या व्यक्तीला तोच मोडायला कठीण जातो, म्हणून मुद्दाम सांगते. योगासनांपैकी साधी ताणाची आसने लवकर करता येतील. नौकासन, पूर्ण भुजंगासन आणि कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार मात्र बरेच पुढे ठेवावेत. धावणे आणि उड्या यांसाठी मी स्वतः साधारण १२ आठवड्यांपर्यंत थांबायला सांगते, आणि तेव्हाही आधी भरभर चालणे, मग चालण्याच्या अधेमधे एखादे मिनिट धावणे. पोहण्यासाठी बाहेरचे छेद पूर्ण बुजलेले आणि अंगावरून जाणे थांबलेले असावे.

प्रत्येक नव्या पायरीनंतर एक दिवस वाट पाहावी. योनीत जडपणा किंवा खाली काही ओढल्यासारखे वाटणे, खोकताना लघवीचा थेंब निसटणे, व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा येणे, थांबलेला स्राव पुन्हा लाल होणे यांपैकी काहीही आढळले तर एक पायरी मागे यावे. लाल स्राव चालूच राहिला तर डॉक्टरांना कळवावे.

प्रतिसाद : चिकित्सक वाचक

वजनाच्या मर्यादेविषयी थोडी शंका घ्यावीशी वाटते. पोटातील दाब प्रत्यक्ष मोजून पाहिला असता, शस्त्रक्रियेनंतर ज्यांना मनाई केली जाते अशा अनेक कामांत तो साध्या खुर्चीतून उठण्यापेक्षा फारसा वाढत नाही आणि खोकल्यात मात्र चांगलाच वाढतो, असे दिसून आले आहे. खुर्चीतून उठायला तर कोणीच बंदी करत नाही. मग ४-५ किलो या आकड्याला आधार कोणता? अशा मनाईमुळे स्त्रिया महिनोन्‌महिने घाबरून बसून राहतात आणि त्यात स्नायू झिजतात, ते नुकसान कोण मोजणार?

प्रतिसाद : डॉ. निवृत्त, स्त्रीरोगतज्ज्ञ

चिकित्सक वाचकांचा आक्षेप रास्त आहे. वजनाचा आकडा बराचसा प्रथेने चालत आला आहे, म्हणूनच प्रत्येक रुग्णालयाचा आकडा निराळा असतो. वर्षभर बादली न उचलण्याला तर कोणताही आधार नाही. तरीही पहिले सहा आठवडे मी तो सल्ला देत आलो, त्याचे कारण शिवण उसवण्याचा धोका. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण झाली तर आतड्याचा भाग योनीमार्गे बाहेर येऊ शकतो, आणि दुर्बिणीने गर्भाशयमुखासह गर्भाशय काढल्यावर तिचे प्रमाण इतर पद्धतींपेक्षा किंचित अधिक आढळते. जिथे मर्यादा पाळण्याची किंमत थोडी आणि न पाळण्याची मोठी असू शकते, तिथे मी सावधगिरीच्या बाजूने झुकतो. मात्र बसून राहणे हा सावधगिरीचा भाग नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

शिवण उसवण्याचे एक कारण वजनापेक्षाही अधिक वेळा पुढे येते, ते म्हणजे शरीरसंबंध लवकर सुरू होणे. किमान सहा आठवडे, आणि तपासणीत शिवण भरल्याचे कळेपर्यंत, योनीत काहीही घालू नये. काही शल्यविशारद तर ८ ते १२ आठवडे थांबायला सांगतात. आपल्या डॉक्टरांचे मत स्पष्ट विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही.

थकव्याविषयी सांगायचे तर शस्त्रक्रिया आणि भूल यांमुळे काही आठवडे तो राहतोच. परंतु अबोली यांना आधी अनेक महिने रक्तस्राव होत होता, म्हणजे लोहाचा साठा रिकामा झालेला असण्याची दाट शक्यता आहे. गर्भाशय काढल्याने गळती थांबली, पण साठा आपोआप भरत नाही. तपासणीच्या वेळी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटीनही, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणीही, पाहायला सांगावे, कारण हिमोग्लोबिन सुधारले तरी फेरिटीन कमी असू शकते आणि अशा वेळी लोहाच्या गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. धाप लागत असताना व्यायाम वाढवण्यात अर्थ नाही.

आता तातडीच्या लक्षणांविषयी. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, एकाच पोटरीत दुखणे व सूज, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, योनीतून पाण्यासारखा स्राव सतत झिरपणे, लघवी न होणे यांपैकी काही झाल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. योनीतून काही बाहेर आल्यासारखे वाटले तर ते आत ढकलण्याचा प्रयत्न न करता, स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, आडवे होऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद : मृणाल

माझे गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढले आहेत, वय ४२. वरचा क्रम मलाही लागू होईल का? मला रात्री घाम फुटून जाग येते आणि सकाळी सांधे आखडलेले असतात.

प्रतिसाद : साधना, फिजिओथेरपिस्ट

मृणाल, जखम भरण्याचा हिशेब तोच, पण तुमच्या बाबतीत रजोनिवृत्ती एका दिवसात आली आहे. इस्ट्रोजेन एकदम घटल्याने घाम, झोपमोड आणि सांधेदुखी होते आणि हाडांची घनताही झपाट्याने कमी होऊ लागते. म्हणून तुमच्यासाठी वजनांचा व्यायाम अधिक गरजेचा आहे. तो कायमचा सोडून देऊ नये. इतक्या कमी वयात बीजांडकोश काढल्यावर, मनाई करण्याजोगे कारण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन उपचार घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. शस्त्रक्रिया कशासाठी झाली यावर ते अवलंबून असल्याने आपल्या डॉक्टरांशी तो विषय अवश्य काढा.

प्रतिसाद : अबोली

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीला नेण्यासाठी प्रश्न लिहून काढले आहेत : शिवण पूर्ण भरली आहे का, फेरिटीन तपासायचे का, शरीरसंबंधांना किती थांबायचे आणि पेल्विक फ्लोअर पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का. एक शंका उरली आहे. संध्याकाळपर्यंत पोट फुगल्यासारखे होते आणि छेदांभोवती बधिर वाटते. त्यामुळे व्यायाम पुढे ढकलावा का?

प्रतिसाद : डॉ. निवृत्त, स्त्रीरोगतज्ज्ञ

त्या दोन कारणांसाठी ढकलू नये. दिवसअखेर येणारी सूज काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते, आणि बधिरपणा त्वचेतील बारीक नसा कापल्या गेल्याने येतो, तो सावकाश कमी होतो. मात्र फुगण्याबरोबर उलट्या होत असतील किंवा वात व शौच दोन्ही बंद झाले असतील, तर त्याच दिवशी दाखवावे. प्रश्नांच्या यादीत आणखी एक घाला : काढलेल्या गर्भाशयाचा पॅथॉलॉजी अहवाल आला का? तो आलेला असतो, पण अनेकदा कोणी मागतच नाही.