हिरव्या बॅटरीच्या गळतीवर खायचा सोडा नको

जुन्या बाजारातून आणलेल्या ३८६ कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची गळकी बॅटरी काढून तिथे खायचा सोडा चोळावा, असं काहीजण सुचवतात. बॅटरी काढायची हे बरोबर, सोडा मात्र चूक. ती ३.६ व्होल्टची हिरवी पिंपासारखी बॅटरी निकेल-कॅडमियमची असते, तिच्यातून आम्ल नाही, अल्कली गळते. त्यामुळे तिला मारायला आम्ल, म्हणजे पांढरं व्हिनेगर हवं. इअरबडने लावा, फेस थांबला की साध्या पाण्याने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुण्याच्या पावसाळी हवेत एक रात्र पंख्याखाली वाळवल्याशिवाय वीज देऊ नका.

खरं दुखणं पुढे आहे. बॅटरी बहुतेक वेळा कीबोर्डच्या गोल सॉकेटला खेटून असते आणि गळती हिरव्या कोटिंगखाली सरकून बारीक ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) खाते. वरून फक्त काळपट रेघ दिसते. बोर्ड सुरू होऊन 'कीबोर्ड एरर' देत असेल तर कीबोर्ड कंट्रोलरची चिप बदलायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून सॉकेटची १ (क्लॉक) आणि २ (डेटा) नंबरची पिन कंट्रोलरकडे पोचते का ते बघा. ५ नंबरला ५ व्होल्ट यायला हवेत. तुटलेल्या ट्रेसवर बारीक एनॅमल वायर टाकली की भागतं.

नवीन बॅटरी म्हणून सीआर२०३२ (३ व्होल्टचा चपटा बटण सेल) नुसतीच जोडू नका. बोर्ड तिला चार्ज करायला जातो आणि ती फुगू शकते. धन बाजूला १एन५८१७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, त्याच्यावरची पट्टी बोर्डाकडे. पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारा. साध्या १एन४००७ ने जास्त व्होल्ट खाल्ले जातात, मग बोर्ड बंद असताना तारीख टिकेलच असं नाही.