दिल्लीहून एका दिवसात आग्रा, किल्ला नीट बघून होईल का?

मोगरा
नमस्कार मंडळी, जानेवारीत आई-बाबांना घेऊन दिल्लीला जातोय आणि त्यातला एक दिवस आग्र्यासाठी ठेवलाय. टूरवाल्याने पाठवलेलं वेळापत्रक असं आहे, पहाटे ६ ला हॉटेलवरून पिकअप, साडेदहाला ताज, तिथे दीड तास, मग जेवण, मग एक तास 'हस्तकला केंद्र', मग आग्रा किल्ला ४५ मिनिटं आणि तिथून फतेहपूर सिक्री करून रात्री ११ पर्यंत परत. गाईड, तिकिटं सगळं त्यांचंच. बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात पण सावकाश चालतात. आईला ताजची ओढ आहे, बाबांना मात्र किल्लाच बघायचाय, महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले तो किल्ला एकदा बघायचा असं ते कित्येक वर्षं म्हणतायत. ४५ मिनिटांत होतं का? आणि ह्यातलं काय कापू?

रानवारा
सिक्री कापा, दुसरा विचारच करू नका. आग्र्याहून जवळपास ४० किमी आहे, म्हणजे जाऊन-येऊनच दोन-अडीच तास गेले, आणि दुपारी चार-साडेचारला निघालात तर हिवाळ्यात तिथे पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. शिवाय ती एक इमारत नाहीये, अकबराने १५७१ च्या सुमाराला वसवलेली अख्खी राजधानी आहे, पंचमहाल, सलीम चिश्तींचा दर्गा, ५४ मीटर उंचीचा बुलंद दरवाजा आणि त्याच्या उभ्या पायऱ्या. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही आणि घाईत बघून मजाही नाही.

दुसरं म्हणजे ते हस्तकला केंद्र. तिथे संगमरवराच्या वस्तू विकतात आणि बऱ्याच ठिकाणी आणणाऱ्याला विक्रीवर कमिशन असतं, त्यामुळे एका तासाचे दीड तास सहज होतात. आत्ताच टूरवाल्याला व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा की आम्हाला दुकान नको, तो वेळ किल्ल्याला द्या. तोंडी सांगितलेलं त्या दिवशीच्या ड्रायव्हर-गाईडपर्यंत पोचत नाही.

दगडफूल
४५ मिनिटांत नाही होणार. किल्ल्याला किमान दोन तास द्या, बाबांसाठी तर अडीच.

पर्यटकांना अमरसिंग दरवाजानेच आत सोडतात, किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडे आहे आणि तो बंदच असतो. दरवाजातून आत गेलं की दगडी चढ लागतो, तिथे बाबांना घाई करू देऊ नका. मग जहांगिरी महाल, खास महाल, मुसम्मन बुर्ज, दिवाण-ए-खास, दिवाण-ए-आम असं सगळं ओळीने येतं. गाईड बहुतेक वेळा मुसम्मन बुर्जापाशी थांबून "इथून शाहजहान ताज बघायचा" एवढं सांगतात आणि पुढे पळवतात. पण मराठी माणसाने तिथे जरा थांबायला हवं. १६५८ पासून शाहजहान ह्याच किल्ल्यात कैदेत होता, १६६६ च्या जानेवारीत तो वारला, त्यानंतर औरंगजेबाने आग्र्यात दरबार भरवला आणि त्याच वर्षी १२ मे ला महाराज तिथे हजर झाले. सोबत नऊ वर्षांचे शंभूराजे. मनसबदारांच्या मागच्या रांगेत उभं केलं म्हणून महाराज भर दरबारात संतापले आणि तिथून निघून गेले, हे आपण शाळेपासून वाचतो, पण तिथल्या दरबाराच्या खांबांमध्ये उभं राहून ते आठवलं की खरंच अंगावर काटा येतो. समोर बादशहा, भोवती त्याचीच माणसं, घर शेकडो कोस लांब आणि बरोबर एवढंसं पोर.

एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. काही गाईड किल्ल्यातली एखादी खोली दाखवून महाराज इथे कैदेत होते म्हणतात. तसं नाहीये, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग ह्याच्या तळाजवळ, किल्ल्याबाहेर त्यांना नजरकैदेत ठेवलं होतं, फुलादखानाचा पहारा होता, आणि तिथूनच ऑगस्टमध्ये ते निसटले. किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो मात्र चुकवू नका.

अजून एक, पुढे महादजी शिंद्यांच्या काळात हाच किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती लेक ह्याने घेईपर्यंत शिंद्यांकडेच होता. हे कुठलाही गाईड आपणहून सांगत नाही, विचारा त्याला.

खिडकीजवळची_सीट
वार बघितलात ना? शुक्रवारी ताज बंद असतो. आणि जानेवारी म्हणजे धुकं, यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा कमी करतात, त्यामुळे ६ ला निघून साडेदहाला पोचणं हे सगळं सुरळीत झालं तरच. गतिमान एक्सप्रेसचा विचार करा, निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमाराला सुटते आणि पावणेदोन तासांत आग्रा कँटला, परतीला संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास. धुक्यात गाडीही लेट होते हे खरं, पण आई-बाबांना रस्त्यापेक्षा बरं पडेल. आग्र्यात दिवसभरासाठी टॅक्सी आणि गाईड वेगळा घ्या. ताजचं तिकीट तीन तास चालतं, दीड तासात हाकलायची घाई टूरवाल्याची असते, तिकिटाची नाही.

मोगरा
खूप आभार सगळ्यांचे. सिक्री आणि दुकान रद्द, आजच कळवतो. शनिवारच आहे, बंदचा प्रश्न नाही. ताजच्या मुख्य मकबऱ्यासाठीचं ते २०० रुपयांचं वेगळं तिकीट घ्यावं का? बाबांना पायऱ्या चढायला लागतील ना?

दगडफूल
५० चं साधं तिकीट आणि मुख्य मकबऱ्याला जायचं तर वर २०० चं. आईंसाठी नक्की घ्या, संगमरवरातली पच्चीकारी, म्हणजे रंगीत दगड बसवून केलेली फुलं, जवळून बघायलाच हवी. आत मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे आणि शाहजहानची नंतर बाजूला बसवलीये, सगळ्या ताजमध्ये सममिती मोडलीये ती तिथेच. आत फोटो काढू देत नाहीत. शनिवारी रांग मोठी असते, बाबांना उभं राहणं जड वाटलं तर ते खाली बागेतल्या बाकावर बसू शकतात, पाय किल्ल्यासाठी राखलेले बरे.

रानवारा
पार्किंगपासून गेटपर्यंत बॅटरीची गाडी मिळते, तीच घ्या, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या ताजच्या जवळ येऊच देत नाहीत. तिकिटं आदल्या दिवशी ऑनलाइन काढा आणि खाण्याचे डबे गाडीतच ठेवा, आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते.