बाबांना लिव्हर सिरॉसिस, तीन महिन्यांची शुगर ५.४ आणि तरी पहाटे ४६?? कोणाला अनुभव आहे का

मिरजकर_७८
नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, दारूचा थेंब नाही, फॅटी लिव्हरचं होत होत सिरॉसिस झालंय, म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसलंय, पोटातलं पाणी दोनदा काढलं. शुगर ८ वर्षांपासून, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, सकाळी आणि रात्री. परवा पहाटे चारला आई हाक मारायला आली, बाबा काहीतरी असंबद्ध बोलत होते, बनियन घामाने चिंब. आम्हाला वाटलं लिव्हरमुळे रक्तात अमोनिया चढला, त्यानेही माणूस बरळतो, मागे एकदा तसं झालेलं, म्हणून तो उतरवायचं औषध लॅक्टुलोज पाजलं आणि रिक्षा शोधत बसलो. कॅज्युअल्टीत सिस्टरने बोटाला टोचलं तर ४६! ग्लुकोज लावलं आणि दहा मिनिटांत बाबा विचारतात, चप्पल कुठाय माझी. आता गोंधळ असा की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.४ आलंय म्हणजे एकदम कंट्रोल, पण दुपारी जेवणानंतर घरी बघितलं तर २६८. मशीन बिघडलंय का? हिमोग्लोबिन ८.६ आहे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे.

लॅबवाली_ताई
मशीन ठीक असणार दादा, ते ५.४ फसवं आहे. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर, पेशी साधारण १२० दिवस जगते हे धरून. सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढते, ती पेशी लवकर मोडते, मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. त्यात रक्त चढवलं असेल तर विचारूच नका. बोटाची टेस्ट करा, उपाशी आणि जेवणानंतर दोन तासांनी, तारीख-वेळ घालून वहीत लिहा आणि सोमवारी वहीच पुढे ठेवा.

आईची_लेक
माझ्या आईचं सेम झालंय म्हणून लिहिते. लिव्हर म्हणजे साखरेचं कोठार, जेवल्यावर साठवायची आणि रात्री थोडी थोडी सोडायची. कोठारच आक्रसलं की जेवल्यावर साखर रक्तातच फिरते म्हणून दुपारी २६८, आणि पहाटे द्यायला काही उरत नाही. आमच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की सिरॉसिसवाल्याची एक रात्र म्हणजे धडधाकट माणसाचा दोन-तीन दिवसांचा उपास. बाबा रात्री किती वाजता जेवतात? आणि त्या रात्रीच्या गोळीचं सोमवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करून विचारा, ही गोळी पोटात अन्न असो नसो इन्सुलिन काढायला लावते. लिव्हर एवढं खराब असलं की बऱ्याचदा इन्सुलिनच देतात, तेही मोजून.
अजून एक, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर शुगर पडल्यावर धडधड, थरथर कळतच नाही, फक्त घाम येतो. म्हणून बरळायला लागले की आधी बोट टोचायचं, अमोनिया नंतर. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत टेस्ट. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

निसर्गमित्र
गोळ्यांनीच लिव्हर जातं. भात साखर पूर्ण बंद करा, रात्री लंघन, सकाळी कारल्याचा रस आणि गुळवेलाचा काढा. महिन्यात फरक.

आईची_लेक
@निसर्गमित्र अहो रात्री लंघन?? वर ४६ लिहिलंय ते वाचलंत का! आणि गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटचा रिपोर्ट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलाय. ज्याचं लिव्हर आधीच गेलंय त्याला कसले काढे सांगता.

मिरजकर_७८
ताई तुम्ही वेळ विचारली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा सात वाजता अर्धी पोळी खातात कारण मीठ कमी म्हणून जेवण जात नाही, मग सकाळी अंघोळ पूजा करून साडेनऊला चहा. म्हणजे साडेचौदा तास! वर गुरुवारचा उपास. ४६ आली ती गुरुवारचीच रात्र होती. कार्व्हेडिलॉल पण आहे.

लॅबवाली_ताई
उपास आधी सोडायला लावा. झोपताना दूध-भाकरी द्या, साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. आणि प्रोटीन बंद करा असं कोणी सांगितलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका, आधीच दंड बारीक झालेले असतात या पेशंटचे.

मिरजकर_७८
अपडेट. फोन केला, ग्लिमेपिराइड दोन्ही वेळची बंद, दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिनचे थोडे युनिट दिलेत, सोमवारी वही बघून ठरवणार. उपासावरून घरात महाभारत झालं, शेवटी आईने स्वतः बाबांच्या वाटचा धरते म्हणून सांगितलं तेव्हा ऐकले. काल रात्री साडेदहाला दूध-भाकरी, आज सकाळी सहाला ९४. बाबांची तक्रार एवढीच की भाकरी गार होती.