नाशिकमध्ये भाड्याने घर : डिपॉझिट, नोटरी की नोंदणी? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

यजमानांची बदली जळगावहून नाशिकला, अंबड एमआयडीसीत झाली आहे. घरात आम्ही दोघं, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. यजमानांच्या हातात ३८,००० येतात. मी घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. ते गिऱ्हाईक जळगावचं, नाशिकला पुन्हा पहिल्यापासून जमवावं लागणार. म्हणून भाडं आणि मेंटेनन्स धरून १४,०००च्या वर जायचं नाही असं ठरवलंय.

कॉलेज रोड, गंगापूर रोड या बजेटमध्ये बसतच नाहीत. म्हसरूळ, आडगावकडे भाडं कमी आहे, पण तिथून अंबड म्हणजे रोज सगळं शहर ओलांडायचं, त्यात यजमानांना रात्रपाळीही असते. फिरून फिरून दोन घरांवर गाडी आली आहे.

पहिलं इंदिरानगरला. टू बीएचके, भाडं १२,०००, डिपॉझिट ५०,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. घर हवेशीर आहे, पुढच्या खोलीत दिवसभर उजेड असतो, मशीन तिथेच मांडता येईल. पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. दुसरं पाथर्डी फाट्याला. पहिला मजला, भाडं १३,५०० आणि मेंटेनन्स १,०००, म्हणजे ठरवल्यापेक्षा पाचशे जास्तच. डिपॉझिट ६०,०००. मालक थेट भेटले, त्यामुळे एजंट नाही. शेजारच्या ताईंनी सांगितलं की एप्रिल-मे मध्ये त्या सोसायटीत टँकर येतात आणि त्याची वर्गणी वेगळी भरावी लागते.

पहिलं भाडं आणि जळगावहून सामान आणायचा टेम्पो (१४,००० सांगितलेत) धरला, तर दोन्हीकडे पहिल्याच दिवशी ८८,०००च्या आसपास हवेत. आमच्याकडे बाजूला काढलेले ६५,००० आहेत. महिन्याचं भाडं कसंही करून निघेल, पण ही सुरुवातीची रक्कमच जमत नाहीये. त्यात जूनमध्ये शाळेची फी. पतसंस्थेचं कर्ज काढायचं का, असा विषय घरात निघालाय. माझ्या मनाला ते पटत नाही. आधीच वाढीव भाडं, त्यावर हप्ता, मग महिनाअखेर कशी गाठायची?

आता खरी अडचण. इंदिरानगरचे मालक म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, रजिस्टर करारनामा हवा असेल तर पाच हजार खर्च येईल आणि तो तुम्ही द्या. डिपॉझिट रोख मागतात. करारात ५०,००० ऐवजी २०,०००च लिहायचे म्हणाले. त्यांनी दाखवलेल्या मसुद्यात एक कलम असं आहे : "घर सोडतेवेळी रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे अनामत रकमेतून वजा करण्यात येईल." अकरा महिने राहिलो तरी रंगाचे बारा हजार जाणार. मालकाने घर मागितलं तर किती दिवस आधी सांगायचं, याबद्दल मात्र त्यात एक ओळही नाही.

मी थोडं वाचलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. आमच्या हिशोबात अकरा महिन्यांचे १,३२,००० आणि वर ५,०००, म्हणजे शुल्क ३४५च्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा घेतात. घरी येऊन करून देणाऱ्याची मजुरी धरली तरी पाच हजार मला फार वाटतात. नाशिकमध्ये सध्या काय घेतात ते कोणी सांगेल का?

नोंदणीसाठी मी एवढी अडून बसले आहे त्याला कारण आहे. २०२७मध्ये सिंहस्थ आहे. त्या काळात घरं यात्रेकरूंना चढ्या दराने देता येतील असं एजंट लोक आतापासूनच बोलतायत. मुलाचं शाळेचं वर्ष चालू असताना मालकाने घर खाली करा म्हटलं, तर हातात काय राहील? नोटरीच्या कागदावर लिहिलेले वीस हजार?

नाशिककरांना विचारायचं ते हेच. दोन्ही बाजूंना अकरा महिन्यांचा लॉक-इन (म्हणजे तोवर मालकाने घर मागायचं नाही आणि आम्ही सोडायचं नाही) लिहून मागितला तर मालक ऐकतात का? डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला कोणी तयार होतं का? पाथर्डी फाट्याच्या मालकांशी यावर बोलायचं आहे. ते नोंदणीला लगेच हो म्हणाले, माणूस सरळ वाटला, म्हणून कसं बोलावं ते विचारतेय. टँकरची वर्गणी उन्हाळ्यात साधारण किती पडते? आणि घरी शिवणकाम करायला सोसायटी हरकत घेते का? फलक लावणार नाही, दिवसाला चार-पाच बायका मापं द्यायला येतील एवढंच.

सासूबाई म्हणतात, माझं काय, मी दिवसातून एकदाच उतरेन, तुम्ही स्वस्त घर घ्या. मला त्यांना तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवायचं नाही. देवळात जाणं, भाजी आणणं, दोन बायकांशी बोलणं एवढंच त्यांचं बाहेरचं जग आहे. त्यामुळे माझा कल पाथर्डी फाट्याकडे आहे, पैशांचं गणित तेवढं बसवायचंय.

अंबड, सिडको किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला तळमजला अथवा लिफ्ट असलेलं, नोंदणीकृत करार करून मिळणारं घर कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वन बीएचके मोठं असेल तरी चालेल. इंदिरानगरच्या एजंटने रविवारपर्यंत टोकन मागितलंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.