‘ब्रिमफुल ऑफ आशा’ : काठोकाठ, शिगोशीग की ओतप्रोत?

कॉर्नरशॉप या ब्रिटिश इंडी रॉक बँडचं हे गाणं बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९९७ साली आलं तेव्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६०व्या क्रमांकावर अडकलं. मग डीजे नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिमने वेग वाढवून रीमिक्स केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. लता मंगेशकर आणि रफी यांचीही नावं गाण्यात येतात. ‘ब्रिमफुल ऑफ आशा ऑन द ४५’ या ओळीतलं ‘४५’ म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी. भाचीने विचारलं, ‘ब्रिमफुल’ला मराठीत काय म्हणायचं? मी ‘भरभरून’ म्हणालो, पण मलाच ते पटलं नाही.

---

भरभरून नको, त्यात भांडंच दिसत नाही. ‘ब्रिम’ म्हणजे काठ, तेव्हा सरळ ‘काठोकाठ’ म्हणा.

---

‘शिगोशीग’ का नाही? पायलीने धान्य मोजताना काठाच्या वर जी रास उभी राहते ती शीग. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ म्हणतो ती हीच. काठापाशी न थांबता वर चढणारं माप आहे हे, आशाताईंना शोभेल असं!

---

शिगोशीग धान्याला. तबकडीवर रास कुठून आणणार? शिवाय ‘ब्रिमफुल’मध्ये काठापर्यंतच भरायचं आहे. तुडुंब तर त्याहून नको, ते तळ्याला किंवा नाट्यगृहाला.

---

माझं मत ‘ओतप्रोत’ला. गाणं कानात ओततो, नाही का?

---

इथे एक गंमत आहे. ओतप्रोतचा ‘ओतणे’शी काही संबंध नाही. हा संस्कृतातला विणकामाचा शब्द, उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असं सांगणारा. आपण त्यात पाणी ओतलं ते केवळ ध्वनिसाम्यामुळे. तबकडीला मात्र तो शोभतो, कारण तिच्या एका बाजूला काठापासून आत जाणारी एकच लांब खाच असते, धाग्यासारखी. पण हे समजावून सांगावं लागलं की शब्द गळाला.

---

तुम्ही सगळे ‘ब्रिमफुल’वरच अडून बसलात. खरी अडचण ‘आशा’ची आहे. इंग्रजीत श्लेष कळायला आधी आशा म्हणजे काय ते सांगावं लागतं. आपल्याकडे तो फुकटात मिळतो, आणि विभक्ती लावली की लगेच हातून जातो! सामान्यनामाचं ‘आशेने’ होतं, गायिकेचं ‘आशाने’. ‘आशेने काठोकाठ’ म्हटलं तर भोसले गेल्या, ‘आशाने काठोकाठ’ म्हटलं तर उमेद गेली.

---

पण ‘सीतेने’, ‘राधेला’ म्हणतोच की. विशेषनामाचंही सामान्यरूप होतं.

---

पुराणातल्यांचं होतं. शेजारच्या स्नेहाला तुम्ही ‘स्नेहेला’ हाक मारून पाहा. आणि आशाताईंना ‘आशेताई’ कोण म्हणतं?

---

जाता जाता : अमरकोशात दिशेच्या पर्यायांमध्येही ‘आशा’ आहे. म्हणजे तिसरा अर्थ तयार आहे. पण तो पंडितांनाच लखलाभ.

---

मूळ विचारणारा मीच. विभक्तीचं लिहिणाऱ्यांचे खास आभार, भाचीला हेच सुचलं नव्हतं. मग प्रत्ययच टाळू या : ‘पंचेचाळीसवर काठोकाठ आशा’. आशा प्रथमेत राहिली, दोन्ही अर्थ शाबूत.

---

छान. फक्त ‘पंचेचाळीसवर’ वाचून कुणाला वय वाटेल. आमच्याकडे ती तबकडी ‘ईपी’ म्हणूनच ओळखली जाई. पण ‘ईपीवर काठोकाठ आशा’ म्हणाल तर ताल जाईल, तेव्हा पंचेचाळीसच असू द्या. माझ्या मामाच्या प्लेअरवर ३३, ४५, ७८ असे आकडे होते. आम्ही मुद्दाम ३३ची तबकडी ४५वर लावायचो आणि गायक चिमण्यांसारखे चिवचिवायचे. कुकनेही थोडंफार तेच केलं म्हणा.

---

बँडचं नावही बघा. ब्रिटनमध्ये कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवणारे ते सगळे भारतीय-पाकिस्तानी, हा तिथला ठोकळेबाज समज. बँडचा गायक, वुल्वरहॅम्प्टनचा तजिंदर सिंग, याने तोच टोमणा उचलून पाटीवर लावला. तेव्हा ‘कॉर्नरशॉप’चं मराठी ‘नाक्यावरचं दुकान’ करताना त्यातला टोमणा हरवेल. ते तसंच ठेवा.

---

मग गाण्यातल्या ‘एव्हरीबडी नीड्स अ बुझम फॉर अ पिलो’ या ‘उशी’वाल्या ओळीचं काय करायचं? ‘बुझम’ म्हणजे ऊर, छाती की कूस?

---

कूस. आईची कूस उशाला, हे मराठीत ऐकायला गोड लागतं. मूळ ओळ इतकी सोवळी नाही, पण भाचीला एवढं पुरे.