काँक्रीटला स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) मिळत नाही, पाणी वाढवलं की क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) पडतात. मदत हवी आहे

कॉलमबीम: एम-२५ (२५ न्यूटन ताकदीचं) काँक्रीट, २० एमएम खडी. मिक्स तेच, सिमेंट तेच. आधी स्लंप १०० मिमी मिळायचा, आता ४५. पाणी वाढवलं की स्लंप येतो, पण ७ दिवसांचे क्यूब चौरस मिमीला २० न्यूटनवरून १६वर आले. शुक्रवारी स्लॅब आहे. काय करायचं तेवढं सांगा.

चाळणी: पाणी किती लिटर वाढवलं? ॲडमिक्श्चर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) कोणतं, किती टक्के? बॅचिंग (माल मोजणं) वजनाने की फऱ्याने (मापाच्या खोक्याने)? आणि वाळू कोणती, ते लिहिलंच नाही.

पंपलाइन: एवढं कशाला विचारता? पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेटचं, जास्त जोरदार ॲडमिक्श्चर) वापरा, स्लंप १५० येईल.

कॉलमबीम: वजनाने. घनमीटरला किलोत सिमेंट ३२०, पाणी १६०, वाळू ७००, खडी ११८०. नॅफ्थलीनचं ॲडमिक्श्चर ०.८ टक्के. पाणी घनमीटरला साधारण २० लिटर वाढवलं. वाळू आता क्रश सँड (दगड फोडून केलेली), नदीची बंद झाली.

चाळणी: मग मिक्स तेच कसं? १८० भागिले ३२०, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० वरून ०.५६ झालं. क्यूब पडणारच. क्रश सँडचे कण कोनदार असतात, डस्टही (दगडाची भुकटी) जास्त. तेवढा पृष्ठभाग ओला करायलाच पाणी खर्च होतं.

घनफळ: ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला आकारमान २०-३० टक्के वाढतं, त्यामुळे फऱ्यात वाळू कमी पडते. आधी ते तपासा.

कॉलमबीम: वजनाने घेतोय, वर लिहिलंय.

ओलावा: वाळू कोरडी असेल तर ती पाणी पिते. शोषण २ टक्के धरलं तर ७०० किलोला १४ लिटर. तेवढं जादा द्यायलाच हवं.

चाळणी: बरोबर, पण कणांच्या आत गेलेलं पाणी भरून दिल्याने ताकद पडत नाही, कारण ते सिमेंटच्या पेस्टमध्ये राहत नाही. इथे क्यूब पडलेत. म्हणजे वाढवलेलं बरंचसं पाणी पेस्टमध्येच राहिलं. संशय डस्टवर. वाळू चाळल्याचे आकडे टाका, कोणत्या मापाच्या चाळणीतून किती टक्के गेली ते.

कॉलमबीम: ४.७५ मिमी मधून ९८, २.३६ मधून ७६, १.१८ मधून ५२, ६०० मायक्रॉन ३६, ३०० मायक्रॉन २७, १५० मायक्रॉन २१ टक्के. एफएम (फाइननेस मोड्युलस, वाळू सरासरी किती जाड त्याचा आकडा) २.९० येतो. म्हणजे वाळू ठीकच ना?

चाळणी: नाही. एफएम इथे फसवतो. २.३६च्या वर २४ टक्के जाड माल, १५०च्या खाली २१ टक्के डस्ट. दोन्ही टोकं एकमेकांना झाकतात आणि सरासरी छान दिसते. ६०० ते १५० च्या मध्ये फक्त १५ टक्के आहे. मधले कण नाहीत म्हणून मिश्रण खरखरीत, आणि डस्ट पाणी ओढते.

खाणकाम: खडीही बघा. क्रशरचे लायनर झिजले की त्याच खाणीची खडी चपटी, लांबट येते आणि स्लंप खाते.

पंपलाइन: तरी उत्तर पीसीईच.

चाळणी: डस्टमध्ये फुगणारी चिकणमाती असेल तर ती पीसीई शोषून घेते आणि डोस वाढवत बसावं लागतं. आधी मिथिलीन ब्लू टेस्ट (अशी चिकणमाती ओळखायची रंगाची चाचणी) करा. शिवाय नॅफ्थलीन आणि पीसीई एकत्र मिसळू नका. टाकी, पाइप धुऊन घ्या.

कॉलमबीम: शुक्रवारपर्यंत काय शक्य आहे तेच सांगा.

चाळणी: २५ लिटरच्या दोन ट्रायल घ्या. दोन्हीत सिमेंट ८ किलो, पाणी ४ लिटर, म्हणजे ०.५०. पहिलीत आहे तीच वाळू १६ किलो, खडी ३१. दुसरीत धुतलेली वाळू १७.५, खडी २९.५. ही वजनं आतून भिजलेल्या पण वरून कोरड्या मालाची. धुतलेली वाळू निथळल्यावर ५०० ग्रॅम तव्यावर भाजा. ४७० उरली तर ओलावा ६.४ टक्के, शोषण २ टक्के वजा केलं की ४.४ उरतो, म्हणजे १७.५ किलोवर पाऊण लिटरच्या वर. तेवढं पाणी ४ लिटरमधून कमी करा, वाळू तेवढ्याच वजनाने वाढवा. स्लंप कमी वाटला तर ॲडमिक्श्चर ०.१ टक्क्याच्या पायरीने वाढवा, पाणी नाही. स्लंप लगेच आणि ३० मिनिटांनी, असा दोनदा मोजा.

पंपलाइन: सगळी डस्ट धुऊन टाकू नका. बारीक कण गेले की पाणी वर येतं आणि पंप तुंबतो.

चाळणी: हे मान्य. धुतल्यानंतर पुन्हा चाळणी करा.

कॉलमबीम: वाळू आज धुतो. निथळायला किती वेळ द्यायचा?

ओलावा: ढिगाखाली उतार ठेवा, रात्रभर राहू द्या. तळाचा थर ओलाच राहतो, नमुना मधून घ्या.