प्रतिसाद: जुन्या कॅसेटवरून एफएम रेडिओ स्टेशन स्टिरिओ कधी झाले ते ठरवताना

रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटच्या स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या कंप्रता दाखवणाऱ्या आलेखावर) १९ किलोहर्ट्झची रेघ दिसत नाही, म्हणून स्टेशन तेव्हा मोनोच (दोन्ही चॅनलवर एकच आवाज) होते, हा मूळ पोस्टमधला निष्कर्ष घाईचा आहे. ती रेघ म्हणजे स्टिरिओचा पायलट टोन, प्रसारण स्टिरिओ असल्याची खूण म्हणून सोबत जाणारा सूर. डॉल्बीची (टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेची) गफलत होऊ नये म्हणून बऱ्याच कॅसेट डेकमध्ये एमपीएक्स फिल्टर असे आणि तो नेमका हाच टोन कापतो. शिवाय साध्या कॅसेटची मजल तिथवर जातच नाही.

त्यापेक्षा एका चॅनलची फेज (ध्वनिलहर) उलटी करून दुसऱ्यात मिसळा, म्हणजे दोन्हींत सारखे असलेले पुसले जाते. निवेदकाचा आवाज मधोमध असल्याने तो मोनो आणि स्टिरिओ दोन्ही प्रकारांत जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून गाण्यावरच तपासा. वाद्ये उरली तर स्टिरिओ. नुसता ‘स’कारांचा चरचराट उरला तर हेडचा अ‍ॅझिमुथ (टेपशी असलेला कोन) हललेला आहे, स्क्रू अगदी किंचित फिरवून पुन्हा डिजिटाइझ करा. आणि मोनो निघाले तरी रिसीव्हर मोनोवर होता की काय, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या कोणाची त्याच काळातली कॅसेट ताडून पाहाच.

पायलट सापडलाच तर मात्र सोने आहे! तो १८.६ किलोहर्ट्झवर दिसला तर टेप सुमारे २ टक्के हळू चालली आहे. वेग १९ भागिले १८.६, म्हणजे १.०२१५ पट करा. जिंगलचा (स्टेशनच्या ओळखीच्या छोट्या धुनेचा) मूळ सूर परत मिळतो.